सही करण्यापूर्वी: रुग्णालयातील रुग्णाचे हक्क आणि जबाबदाऱ्या

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना अडकलेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी रुग्णालयात तातडीने दाखल करावे लागले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. काउंटरवरच्या मुलीने छापील कागदांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला, जिथे जिथे पेनाने फुली मारली होती त्या जागा दाखवल्या आणि मी सात ठिकाणी सह्या केल्या. कागद इंग्रजीत होते, टाइप बारीक होता आणि शस्त्रक्रियेचे नाव लिहिण्याची जागा कोरीच होती. वडील चार हातांवर स्ट्रेचरवर पडलेले होते. वेदना होत असल्या तरी पूर्ण शुद्धीत होते आणि चष्म्यातून माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी विचारले, "कसल्या सह्या करतोयस रे?" मला उत्तर देता आले नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली, डॉक्टरही चांगले होते, पण पोट ज्यांचे होते त्यांना कोणी काही विचारले नाही आणि ज्याने सह्या केल्या त्याला काही कळले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. त्यानंतर मी या विषयाचे नियम आणि निकाल वाचत गेलो. त्यातले जे प्रत्येक घराला कधी ना कधी लागते, ते येथे मांडतो आहे.

रुग्णाच्या हक्कांचा एकच असा कायदा आपल्या देशात नाही. हे हक्क वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत. राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याचा हक्क हे त्यांचे मूळ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी त्याला वेळोवेळी फांद्या फुटत गेल्या. डॉक्टरांनी कसे वागावे याची नियमावली २००२ मध्ये आली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत आणि त्यांच्या जोडीला रुग्णाच्या जबाबदाऱ्याही आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना कित्येक वर्षे ज्याची मागणी करत होत्या, ती रुग्णहक्कांची सनद त्या सुधारणेने नियमांत आली. ती सनद आणि दरपत्रक खासगी रुग्णालयाने दर्शनी भागात लावले पाहिजे. पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा हा फलक कोठे आहे ते आधी पाहून ठेवावे. सोफ्याच्या मागे किंवा कुंडीच्या आड असला तरी तो तुमच्यासाठीच आहे.

दारात

पहिला हक्क दारातच सुरू होतो. जीव धोक्यात असलेल्या माणसाला कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, उपचार न करता परत पाठवू शकत नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर हा निकाल दिला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली होती. जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून त्याला घेतले नाही, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितले आणि तो वाटेतच मरण पावला, अशी ती बातमी होती. न्यायालयाने सांगितले की आधी जीव वाचवायचा, पंचनामा आणि पोलिसांची कागदपत्रे नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात न्यायालय याच वाटेने पुढे गेले. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट रिकामी नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. वेळेवर उपचार न देणे हा सरकारकडून झालेला कलम २१ चा भंग आहे असे ठरवून न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

या हक्काची मर्यादाही समजून घेतली पाहिजे, नाहीतर दारातच वाद होतात. तातडीचा उपचार म्हणजे श्वास, रक्तदाब आणि रक्तस्राव आटोक्यात आणून रुग्णाला स्थिर करणे. त्यासाठी आधी अनामत भरा, असे म्हणता येत नाही. पुढचा संपूर्ण उपचार मात्र फुकट मिळेल असा याचा अर्थ नाही. एखाद्या लहान रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसेल तर तेथून रुग्णाला दुसरीकडे पाठवणेच योग्य ठरते. पण त्याआधी जो प्रथमोपचार शक्य आहे तो झाला पाहिजे आणि काय केले याची लेखी चिठ्ठी सोबत दिली पाहिजे. बलात्कार किंवा आम्लहल्ल्यातील पीडितेवर मात्र प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने तात्काळ आणि विनामूल्य उपचार करावेत असे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३९७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला घेऊन येणाऱ्या वाटसरूला रुग्णालय थांबवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्याला हे संरक्षण मिळाले आहे. पोलीस मागे लागतील या भीतीने अजूनही गाड्या पुढे निघून जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

संमती म्हणजे सही नव्हे

आता त्या सात सह्यांकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तेथे आहे. दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्याची परवानगी फक्त त्या शरीराचा मालक देऊ शकतो. डॉक्टरलाही ती घ्यावी लागते. सही हा त्या परवानगीचा पुरावा आहे. परवानगी स्वतः म्हणजे आधी झालेले बोलणे आणि रुग्णाला झालेले आकलन. बोलणे झालेच नसेल तर सही असूनही संमती नसते.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या प्रकरणात हे फार नेमक्या शब्दांत मांडले. ४४ वर्षांच्या या अविवाहित महिलेने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. भुलेखाली असताना डॉक्टरांना आत आजार दिसला, त्यांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. तरीही न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, जीव जाण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून तिला जागे होऊ देऊन विचारायला हवे होते. आईची संमती येथे चालत नाही.

याच निकालात डॉक्टरने काय सांगितले पाहिजे तेही आले आहे. उपचार कोणता आहे आणि कसा करणार, तो कशासाठी आहे व त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक आहे. लाखात एखाद्याला होणारा दूरचा धोकाही सांगितलाच पाहिजे असे न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे, कारण भीतीने गांगरलेल्या माणसाला साध्या शस्त्रक्रियेसाठीही होकार देता येणार नाही.

मग प्रत्यक्ष फॉर्म हातात आल्यावर काय पाहायचे? शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले आहे की जागा कोरी आहे, हे पहिले. कोरी असेल तर ती भरून घेतल्याशिवाय सही करू नये. शरीराच्या दोन बाजूंपैकी एकीवर शस्त्रक्रिया असेल तर उजवी की डावी हे शब्दांत लिहिलेले असावे. शस्त्रक्रिया कोण करणार त्या डॉक्टरांचे नाव असावे. भुलेचे धोके वेगळे असतात, म्हणून भुलेची संमती वेगळी असते आणि भूलतज्ज्ञांनी येऊन बोलणे अपेक्षित असते. इंग्रजी येत नसेल तर मराठी फॉर्म मागावा; तो नसेल तर मजकूर मराठीतून वाचून दाखवायला सांगावे आणि तसे वाचून दाखवल्याची ओळ त्याच कागदावर लिहून घ्यावी. सही रुग्णाने स्वतः करावी. रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा समजून घेण्याच्या अवस्थेत नसेल तरच नातेवाइकाची सही लागते. आणि जवळ कोणीच नसेल व जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीसाठी न थांबता उपचार करू शकतात.

घरातल्या बाईची सही नवऱ्याने करायची ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की अनेक रुग्णालये आजही ती सवयीने मागतात. कायद्याला ती लागत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातसुद्धा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याच्या किंवा सासूच्या सहीची अट त्यात नाही. पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत एखादी स्त्री हजर असावी असे रुग्ण स्त्री म्हणू शकते. एचआयव्हीची चाचणी तिच्या किंवा त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि निकाल काहीही आला तरी उपचार नाकारता येत नाहीत. २०१७ च्या कायद्याने हे दोन्ही स्पष्ट केले आहे.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हाही रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून पुष्कळ लोक ते टाळतात. तातडी नसेल तर "आम्हाला आणखी एकदा दाखवून घ्यायचे आहे, रिपोर्टच्या प्रती द्या," एवढे एक सरळ वाक्य पुरते. उपचार नाकारण्याचाही हक्क आहे, पण त्याच्यासोबत जबाबदारी येते. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेताना जो कागद पुढे येतो, तो रुग्णालयाने आपली सुटका करून घेण्यासाठी केलेला कावा आहे असे मानू नये. धोका काय आहे हे आम्हाला सांगितले होते आणि तरीही हा निर्णय आमचा आहे, एवढेच त्यात असते. त्या निर्णयाच्या परिणामांसाठी नंतर डॉक्टरला दोष देता येत नाही. मात्र तसा कागद लिहून दिला म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट मिळण्याचा हक्क जात नाही.

दोन वर्षांनी वडिलांना दुसऱ्या बाजूचा हर्निया झाला. या वेळी फॉर्म त्यांनी स्वतः मांडीवर घेतला, पूर्ण वाचला आणि हर्नियावर बसवायची जाळी कशाची असते, ती पुढे काढावी लागते का, असे दोन प्रश्न विचारले. सर्जननी पलंगावर बसून कागदावर चित्र काढून दाखवले. "उजवा" हा शब्द वडिलांनी आपल्या वळणदार अक्षरात स्वतः लिहिला आणि सर्जननी त्याच बाजूला त्वचेवर पेनाने खूण केली. सगळ्याला मिळून दहा मिनिटे लागली.

खरे सांगण्याची जबाबदारी

रुग्णालयाने माहिती द्यायची असते, तशीच ती रुग्णानेही द्यायची असते. सनदेतल्या जबाबदाऱ्यांमध्ये हीच सर्वांत आधी येते आणि मला ती सर्वांत जड वाटते, कारण ती मोडली तर शिक्षा कायदा देत नाही, शरीर देते.

भूलतज्ज्ञ विचारतात, शेवटचे कधी खाल्ले? आजोबांना चक्कर येईल म्हणून कोणीतरी पहाटे चहात बुडवून दोन बिस्किटे दिलेली असतात, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल या भीतीने उत्तर येते, "रात्रीपासून काही नाही." भुलेत घशाचे रक्षण करणाऱ्या प्रतिक्रिया थांबतात. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत आणि फुप्फुसात जाऊ शकते आणि त्याने माणूस दगावू शकतो. शस्त्रक्रिया पाच-सहा तास पुढे गेलेली चालते. तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे. "हृदयाची एक छोटी गोळी चालू आहे," एवढ्यावर सोडून देऊ नये. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवीच रुग्णालयात न्यावी, त्यात काढे, भस्मे, गावातल्या वैदूची पुडी, मशेरी, तंबाखू काहीही लपवू नये. पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले असेल तर ते न विचारता सांगावे.

दारूबद्दल तर घरोघरी खोटे बोलले जाते. रोज पिणारा माणूस पाय मोडून दाखल होतो, बायको संकोचाने "कधीमधी घेतात" असे सांगते. दारू अचानक बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, माणूस बरळू लागतो, सलाइन उपटून पळायला पाहतो, फिटही येऊ शकते. डॉक्टरांना आधी ठाऊक असते तर हे टाळण्याची औषधे पहिल्याच दिवशी सुरू झाली असती.

लोक खोटे बोलतात त्याचे एक कारण मात्र रुग्णालयाच्या बाजूचे आहे. वॉर्डात, दहा माणसांसमोर, सासूच्या देखत एखाद्या मुलीला "आधी कधी गर्भपात झाला होता का?" असे मोठ्याने विचारले तर ती काय उत्तर देणार? गुप्तता आणि एकांत हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो डामडौलाचा भाग नसून खऱ्या निदानाची अट आहे. "नातेवाइकांना जरा बाहेर थांबू द्या, मला बोलायचे आहे," असे कोणीही रुग्ण म्हणू शकतो. रुग्णाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगू नये, असा डॉक्टरांवर दंडक आहे. त्याला अपवाद थोडेच आणि कायद्याने सांगितलेले.

वॉर्डातल्या जबाबदाऱ्या साध्या आहेत, पण त्या पाळल्या न गेल्यामुळे त्रास होतो तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला. भेटण्याची वेळ आणि माणसांची संख्या ठरवलेली असते ती संसर्ग टळावा म्हणून. सलाइनचे चाक नातेवाइकांनी फिरवू नये, विचारल्याशिवाय पेजही भरवू नये.

कागद

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर तुमच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कागद. दाखल झाल्यापासूनच्या नोंदी, परिचारिकांच्या तक्त्यांतील तापमान आणि रक्तदाब, दिलेली औषधे, शस्त्रक्रियेचे टिपण, भुलेचा तक्ता, तपासण्या, हे सगळे मिळून आंतररुग्णाचे, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाचे, केसपेपर होतात. २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरने आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत त्यांच्या प्रती द्यायच्या असतात. ही नियमावली येण्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या याचिकेवर, केसपेपर हे रुग्णालयाचे गुपित नाही असा स्पष्ट निर्णय दिला होता.

मागणी नेहमी लेखी करावी. साध्या कागदावर रुग्णाचे नाव, दाखल झाल्याचा व घरी सोडल्याचा दिवस, नोंदणी क्रमांक आणि "संपूर्ण आंतररुग्ण केसपेपरच्या प्रती मिळाव्यात" एवढे लिहावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. झेरॉक्सचा रास्त खर्च रुग्णालय मागू शकते. हा अर्ज भांडण झाल्यावरच करायचा असतो असे नाही. पुढच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डापेक्षा या कागदांतून अधिक कळते. आणि मिळालेले कागद तारखेनुसार लावून एका फाइलमध्ये ठेवणे हे घरच्यांचे काम आहे. गेल्या वर्षीची सोनोग्राफी सापडत नाही म्हणून पुन्हा केली, यात रुग्णालयाचा दोष नसतो.

पैसे

खासगी रुग्णालयाचे दरपत्रक लावलेले असले पाहिजे हे वर आलेच आहे. खाटेचे रोजचे भाडे, डॉक्टरांच्या फेरीची फी, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, प्राणवायू असे दर त्यात पाहायला मिळतात. दाखल होतानाच खर्चाचा लेखी अंदाज मागावा. अंदाज हा अंदाजच असतो, आजार वळण घेतो तसा तो वाढू शकतो; पण किती वाढला आणि का वाढला हे विचारता येते. माझा आग्रह आहे की चालू बिल दुसऱ्याच दिवशी मागावे आणि मग दर दोन दिवसांनी मागत राहावे. शेवटच्या दिवशी डिस्चार्जच्या गडबडीत आकडा पाहून धक्का बसतो, तेव्हा विचारण्यासारखे फारसे उरलेले नसते. अंतिम बिल तपशीलवार मिळाले पाहिजे. "मेडिसिन आणि इतर" अशी एकच ओळ म्हणजे तपशील नव्हे.

औषधे आणि तपासण्या आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून घेण्याचा हक्क मानवी हक्क आयोगाच्या सनदेत आहे. अर्थात रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात लागणारे इंजेक्शन आतल्या दुकानातूनच घ्यावे लागते; पण पंधरा दिवसांच्या गोळ्या बाहेरून आणायला हरकत नसावी. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या, म्हणजे जाळीदार नळीच्या, किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने पहिल्यांदा मर्यादा घातली; त्या वेळी साध्या स्टेंटसाठी ७,२६० आणि औषधयुक्त स्टेंटसाठी २९,६०० रुपये अशी ती होती. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीही त्याच वर्षी बांधल्या गेल्या. शरीरात बसवलेल्या अशा वस्तूच्या खोक्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक यांचे लेबल असते. ते लेबल आपल्या कागदांना चिकटवून मागावे, म्हणजे बिलातली वस्तू आणि शरीरातली वस्तू एकच आहे हे पाहता येते.

ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात तीन वाटा आहेत. आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचार कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोख न भरता मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला दाखल होतानाच रेशनकार्ड दाखवावे. तिसरी वाट सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना, त्यांत पंचतारांकित दिसणारीही आली, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे आणि त्यासाठी रुग्णालयाला बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. खाटा शिल्लक नाहीत असे सांगितले गेले तर धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. यात आपली जबाबदारी एवढीच की ऐपत असताना खोटा दाखला जोडू नये, कारण ती खाट कोणातरी मजुराच्या मुलाची असते.

विमा असेल तर २९ मे २०२४ रोजी विमा नियामकाने काढलेले परिपत्रक उपयोगी आहे. कॅशलेसची, म्हणजे रोख न भरता होणाऱ्या उपचारांची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसावेत, असे त्यात आहे.

बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. मानवी हक्क आयोगाची सनद तसे सांगते आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अडवणुकीला बेकायदेशीर म्हटले आहे. देणे मात्र माफ होत नाही. ते रुग्णालय कायदेशीर मार्गाने वसूल करू शकते. पैसे कमी पडणार हे दिसू लागताच प्रशासनाला सांगावे, हप्ते लिहून द्यावेत.

बिनसले तर

उपचार फसला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे नसते. योग्य उपचार करूनही माणसे दगावतात. सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी तो अतिशय ढोबळ असावा लागतो व पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यायचे असते. तक्रारीची जागा तक्रारीवर अवलंबून असते. दरपत्रक, कागद, वागणूक यांसाठी आधी रुग्णालयाचे प्रशासन, तेथे दाद लागली नाही तर महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी आणि इतरत्र जिल्हा पातळीवरची आरोग्य यंत्रणा. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद. भरपाईसाठी ग्राहक आयोग. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याखाली आणले. तेथे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील सक्तीचा नाही आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते मात्र या कायद्यात येत नाही.

आणि हात उचलणे ही तक्रार नव्हे. रुग्ण गेल्याच्या दुःखात ज्याला मारले जाते तो बहुतेक वेळा चोवीस तास उभा असलेला निवासी डॉक्टर असतो. खाटा किती असाव्यात, औषधे का संपली, हे त्याने ठरवलेले नसते. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. त्याहून मोठे नुकसान असे की मारहाण झाली की सगळी चौकशी तिच्याकडे वळते आणि मूळ प्रश्न मागे पडतो.

उपचारांत चूक झाली असा मनापासून संशय असेल, तर त्या वाईट रात्री दोनच गोष्टी करायच्या असतात. केसपेपरचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाची मागणी करायची. "आता कशाला त्यांच्या देहाची विटंबना," असे घरातले वडीलधारे म्हणतात आणि ती भावना खरी असते. पण अंत्यसंस्कार झाल्यावर मृत्यूचे कारण सांगू शकेल असे दुसरे काही हाती राहत नाही, म्हणून हा निर्णय घरच्यांनी स्मशानाकडे निघण्यापूर्वी घ्यावा लागतो.